मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीचे इंग्रजी कसे अभ्यासावे

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीला आला, की शाखा विज्ञानाची असो, वाणिज्याची असो वा कलेची, इंग्रजीचे 'युवकभारती' हे पाठ्यपुस्तक त्याच्या दप्तरात येतेच. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षे एक गोष्ट पाहत आलो आहे. हा विद्यार्थी कविता किंवा कथा समजण्यात कोणाहूनही मागे नसतो. अभंग, ओव्या, पोवाडे, शाळेत शिकलेले अलंकार आणि घरी ऐकलेल्या गोष्टी यांनी त्याचा कान आधीच तयार झालेला असतो. तो अडखळतो ते समजलेले इंग्रजीत मांडताना, आणि या अडखळण्याच्या धास्तीने तो मूळ पाठ वाचणेच सोडून देतो व गाइडमधील तयार उत्तरे पाठ करू लागतो. भाषा येत नाही म्हणून साहित्य सुटते आणि साहित्य सुटल्यामुळे भाषा कधीच येत नाही, असे हे चक्र आहे.

या चक्रातून बाहेर पडण्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच सूत्र सांगतो: अर्थ लावताना मराठीचा भरपूर आधार घ्यावा, वाक्य बांधताना मात्र तिला बाजूला बसवावे. पुढील सर्व पायऱ्या या सूत्रातून निघालेल्या आहेत. उदाहरणे बारावीच्या २०२० पासूनच्या पाठ्यपुस्तकातील आहेत, परंतु पद्धत अकरावीलाही तशीच लागू पडते आणि पुस्तक बदलले तरी ती बदलावी लागत नाही.

पहिली पायरी: समोर काय आहे ते नीट पाहणे

बारावीच्या इंग्रजीचे १०० गुण म्हणजे ८० गुणांची तीन तासांची लेखी परीक्षा आणि २० गुणांची तोंडी परीक्षा. लेखी परीक्षेतील ३४ गुण गद्य, आकलन, भाषाभ्यास, सारांश आणि माइंड मॅपिंग (एखाद्या विषयाचे मुद्दे आकृतीत मांडणे) यांना, १४ गुण कवितेला, १६ गुण लेखनकौशल्यांना आणि १६ गुण कादंबरीच्या विभागाला दिलेले आहेत. अभ्यासक्रम बदलला की ही वाटणी बदलू शकते, म्हणून वर्षाच्या आरंभीच राज्य शिक्षण मंडळाचा चालू आराखडा आणि एक प्रश्नपत्रिका मिळवून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. व्याकरणाचे कित्येक प्रश्न उताऱ्याच्या खालीच, त्याच उताऱ्यातील वाक्यांवर विचारलेले असतात. सारांश लिहायचा तो वाचलेल्या मजकुराचा असतो. म्हणजे 'व्याकरण निराळे, धडे निराळे' अशी विभागणी प्रश्नपत्रिकाच मानत नाही, आणि तरीही आपल्याकडे अनेक मुले जून ते डिसेंबर धडे करतात आणि जानेवारीत व्याकरणाचे वेगळे पुस्तक उघडतात. ही चूक फार महाग पडते.

साहित्य फारसे लागत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तक विनामूल्य उतरवून घेता येते, त्यामुळे पुस्तक उशिरा मिळाले म्हणून अभ्यास अडण्याचे कारण नाही. दोन वह्या घ्याव्यात, एक पाठांसाठी आणि दुसरी केवळ स्वतःच्या चुकांसाठी. त्याशिवाय एक चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश हवा. तो विद्यार्थ्यांसाठी केलेला असावा, कारण अशा कोशात अर्थ दोन-तीन हजार सोप्या शब्दांच्या मर्यादेत दिलेले असतात आणि प्रत्येक शब्दाखाली वापराचे वाक्य असते. इंग्रजी-मराठी कोश जवळ असण्यास माझी हरकत नाही, पण त्याकडे दुसऱ्या क्रमाने जावे.

दुसरी पायरी: एक पाठ तीन वेळा वाचणे

पहिले वाचन न थांबता, पेन्सिलही हातात न घेता करावे. अनोळखी शब्द आले तरी पुढे जात राहावे आणि शेवटी पुस्तक मिटून मराठीत चार-पाच वाक्यांत स्वतःला सांगावे की यात काय घडले, कोण बोलत होते, कोठे आपल्याला समजले नाही. येथे मराठीचा उपयोग संकोच न करता करावा. ज्याला गोष्ट मराठीत सांगता येत नाही, त्याला ती समजलेली नाही. ती इंग्रजीत पाठ केली तरी तो केवळ शब्दांचा भार असतो.

दुसरे वाचन पेन्सिल घेऊन करावे. प्रत्येक लांब वाक्यातील कर्ता आणि मुख्य क्रियापद यांखाली रेघ ओढावी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपले डोळे नकळत वाक्याच्या टोकाला धावतात. इंग्रजीत ते बहुधा कर्त्यानंतर लगेच येते आणि उरलेली लांबी म्हणजे त्याला जोडलेल्या उपवाक्यांची माळ असते. कर्ता आणि क्रियापद सापडले की तीन ओळींचे वाक्यही उलगडते. याच वाचनात अनोळखी शब्दांवर खूण करावी, पण कोश उघडण्यापूर्वी आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थाचा अंदाज बांधून तो समासात लिहावा आणि मगच पडताळावा. परीक्षेत न पाहिलेला उतारा येतो तेव्हा कोश जवळ नसतो. ही अंदाजाची सवयच तेथे उपयोगी पडते.

तिसरे वाचन प्रश्नासाठी करावे आणि तो प्रश्न असा: हे लेखकाने असेच का लिहिले? आर. के. नारायण यांची ज्योतिष्याच्या दिवसावरील कथा पाठ्यपुस्तकात आहे. आरंभी लेखक रस्त्यावरच्या उजेडाचे वर्णन करतो. तेथे नगरपालिकेचे दिवे नाहीत आणि आजूबाजूच्या दुकानांचे दिवे, मशाली यांच्या सरमिसळ उजेडात ज्योतिषी बसलेला असतो. पहिल्या वाचनात हे नुसते वर्णन वाटते. पण समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा काडीच्या क्षणभराच्या उजेडात दिसल्यावर ज्योतिष्याची जी अवस्था होते ती वाचली आणि शेवटी त्याचे पूर्वायुष्य कळले, की तो अंधुक उजेड कथेच्या गाभ्याशी जोडलेला आहे हे लक्षात येते. स्वतःला लपवून जगणाऱ्या माणसाला असाच उजेड सोयीचा. ज्या विद्यार्थ्याने कथा दोनदा वाचली नाही, त्याला हे कोणत्याही गाइडने सांगून पटत नाही.

तिसरी पायरी: शब्द एकटा लिहून न घेणे

शब्दार्थांची लांबलचक यादी करणे हा वेळेचा अपव्यय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. एका पाठातून सात-आठच शब्द निवडावेत, पण प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यांसह, म्हणजे पाठात ज्या शब्दांच्या शेजारी तो बसलेला आहे त्या तुकड्यासह, लिहावा. 'रिफ्यूज' आणि 'रिजेक्ट' या दोन्ही शब्दांचा अर्थ यादीत 'नाकारणे' असाच येईल. मात्र 'रिफ्यूज टू शेअर', 'रिफ्यूज टू गो' असे म्हणता येते, तर 'रिजेक्ट'नंतर अशी क्रिया जोडता येत नाही. त्याला नामच लागते, जसे 'रिजेक्ट द प्रपोजल'. हा फरक अर्थातून कळत नाही, सोबत्यांतून कळतो. तुकडा लिहून झाल्यावर त्याच शब्दाचे स्वतःच्या आयुष्यातील एक वाक्य लिहावे.

जुन्या कवितांतील 'क्वोथ' (म्हणाला) यांसारखे शब्द केवळ ओळखण्यापुरते ठेवावेत. ते निबंधात किंवा पत्रात वापरण्याचा मोह टाळावा. आपल्या भाषेतही 'वदला' हा शब्द ओवीत शोभतो, अर्जात शोभत नाही.

चौथी पायरी: व्याकरण, जेथे मराठी आपल्याला ओढते तेथे

सर्व व्याकरण सारखेच महत्त्वाचे मानून सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसण्यापेक्षा मराठी भाषकाच्या हमखास चुका होतात अशा पाच-सहा जागा पक्क्या कराव्यात. माझ्या अनुभवात उत्तरपत्रिकांतील बहुतेक चुका त्या मोजक्या जागांवरच होतात.

पहिली जागा भूतकाळाची आहे. 'मी काल बाजारात गेलो होतो' हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य आहे, म्हणून विद्यार्थी 'आय हॅड गॉन टू द मार्केट येस्टरडे' असे लिहितो. इंग्रजीत येथे साधा भूतकाळ हवा: 'आय वेंट टू द मार्केट येस्टरडे'. 'हॅड गॉन' हे रूप भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधीचे काही सांगायचे असेल तेव्हा लागते: 'मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती' यातील 'सुटली होती' हे त्याचे स्थान. मराठी 'होतो, होती, होते' दिसले की लगेच 'हॅड' लिहायचे नाही, असा नियम चुकांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

दुसरी जागा दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची आहे. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' येथे 'मी' हा तोच आहे, आणि 'येतो' हे त्याच्या तोंडचे रूप जसेच्या तसे राहिले आहे. मराठीत 'की' आले तरी बोलणाऱ्याचे शब्द बहुधा हलत नाहीत. इंग्रजीत 'दॅट' आले की पुरुष, काळ आणि कालवाचक शब्द, सगळे सांगणाऱ्याच्या बाजूने फिरते: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथनाचे तक्ते पाठ करूनही मुले चुकतात याचे कारण तक्त्यात नाही, आपल्या 'की'मध्ये आहे. हे एकदा समजले की तक्ता सोपा होतो.

तिसरी जागा 'अ', 'ॲन' आणि 'द' या उपपदांची. मराठीत यांच्या तोडीचे शब्दच नाहीत. 'मुलगा आला' या वाक्यातील मुलगा ओळखीचा की अनोळखी हे संदर्भावरून कळते. इंग्रजीला ते दर वेळी सांगावे लागते. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला सराव असा: पाठातील दहा ओळींचा परिच्छेद सर्व उपपदे गाळून वहीत उतरवावा, दोन दिवसांनी तो पुस्तक न पाहता भरावा आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहावा. जेथे चूक झाली तेथे वाचकाला ती वस्तू आधीच ठाऊक होती का, हा प्रश्न विचारावा. महिन्यातून चार परिच्छेद असे केले तरी दिवाळीपर्यंत कान तयार होतो.

चौथी जागा शब्दयोगी अव्ययांची. 'त्याचे तिच्याशी लग्न झाले' यातील 'शी'मुळे 'मॅरिड विथ' लिहिले जाते, हवे असते 'मॅरिड टू'. 'त्या विषयावर चर्चा केली' यामुळे 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट' होते, पण 'डिस्कस'ला अव्यय लागतच नाही. 'कुत्र्याला भितो' यासाठी 'अफ्रेड ऑफ' लागते. आणि 'वर अवलंबून' आणि 'डिपेंड ऑन' यांसारखी जोडी जुळते तेव्हा आनंदाने ती तशीच घ्यावी. येथे नियम शोधण्यापेक्षा क्रियापद आणि त्याचे अव्यय ही जोडी एकत्र लक्षात ठेवावी.

उरलेली जागा 'शी गोज', 'इट मेक्स' यांतील शेवटच्या 'स'ची. आपल्या 'जातो, जाते, जातात' या रूपांना लिंग-वचनानुसार बदलण्याची सवय आहे. इंग्रजी वर्तमानकाळात बदल फक्त एका ठिकाणी, तृतीयपुरुषी एकवचनात, होतो आणि म्हणूनच तो निसटतो. यासाठी समजून घेण्यासारखे काही नाही, लिहून झाल्यावर फक्त याच एका गोष्टीसाठी पान पुन्हा पाहावे.

पाचवी पायरी: कविता

माझ्या मते मराठी विद्यार्थ्याची खरी ताकद येथे आहे आणि तिचाच सर्वांत कमी उपयोग केला जातो. उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, विरोधाभास हे अलंकार त्याने मराठीत उदाहरणांसह शिकलेले असतात, आणि इंग्रजीत 'सिमिली', 'मेटाफर', 'अलिटरेशन', 'हायपरबोली', 'पॅराडॉक्स' ही नावे समोर आली की तो ती नवे संकट म्हणून पाठ करू लागतो. आधी ही नावे आपल्या नावांशेजारी लिहावीत. सुनीत हा प्रकार केशवसुतांनी इंग्रजी 'सॉनेट'वरूनच मराठीत आणला, म्हणजे मराठी आणि इंग्रजी कवितेचे नाते शतकाहून जुने आहे. वृत्ताच्या बाबतीत मात्र सावध राहावे: आपण लघु-गुरू मोजतो, इंग्रजी कविता आघात मोजते, त्यामुळे ओळ मोठ्याने वाचून जोर कोठे पडतो ते बोटाने टेबलावर वाजवून पाहिल्याखेरीज तिची चाल कळत नाही.

रॉबर्ट साउदी यांची इंचकेप खडकावरील कविता घ्यावी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, अर्ब्रोथ या गावासमोरच्या समुद्रात हा खडक खरोखरच आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो, आणि १८११ पासून त्यावर दीपगृह उभे आहे. कवितेत मठाधिपतीने जहाजांना इशारा मिळावा म्हणून तेथे तराफ्यावर घंटा बांधली, एका चाच्याने ती मठाधिपतीला त्रास देण्यासाठी कापली आणि पुढे धुक्यात त्याचे स्वतःचे जहाज त्याच खडकावर फुटले, अशी कथा आहे. हा 'बॅलड' नावाचा प्रकार, म्हणजे कथा सांगणारी, गाता येण्याजोगी कविता. पोवाडा ऐकलेल्या मुलाला तो परका वाटण्याचे कारण नाही, फरक इतकाच की येथे पराक्रम नव्हे तर कर्माचे फळ गायले आहे. चार ओळींच्या कडव्यात पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी ओळ यमकाने जुळते. घंटा बुडते तेव्हा कवी 'डाउन संक द बेल' असा शब्दक्रम उलटा करतो, त्यामुळे 'खाली' हा शब्द आधी येऊन घंटा डोळ्यांदेखत जाते. आणि तिच्या बुडण्याच्या आवाजासाठी 'गर्गलिंग' हा शब्द येतो, जसे आपण 'बुडबुड' म्हणतो. शब्दक्रम उलटण्याला 'इन्व्हर्जन' आणि आवाजाच्या शब्दाला 'ऑनोमॅटोपिया' म्हणतात. पण नाव शेवटी यावे, आधी परिणाम जाणवावा.

दुसरे उदाहरण दिलीप चित्रे यांच्या, घरी परतणाऱ्या वडिलांवरील कवितेचे. चित्रे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिणारे कवी आणि तुकोबांचे इंग्रजी अनुवादक. ही कविता मुळात इंग्रजी आहे, परंतु तिच्यातील उशिराची लोकल, ओला सदरा, चिखलाने माखलेला रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली पिशवी आणि शिळी चपाती हे सारे आपल्या घरातले आहे. वाचताना प्रथम हे पाहावे की कवितेत साधा वर्तमानकाळ आहे. एका दिवसाची घटना असती तर भूतकाळ आला असता. साध्या वर्तमानाने कवी सांगतो की हे रोजचे आहे, काल असेच होते आणि उद्याही असेच असेल. मग मुलांविषयीच्या ओळीत क्रियापदाचे रूप बदलते. त्यांनी वडिलांना आपल्या थट्टामस्करीत आणि गुपितांत सामील करून घेण्यास नकार दिला आहे हे 'हॅव ऑफन रिफ्यूज्ड' या रूपात येते, म्हणजे आधी कधीतरी सुरू झालेला आणि आजपर्यंत चालत आलेला नकार. वर्गात 'प्रेझेंट परफेक्ट' शिकवताना मी याहून चांगले उदाहरण आजवर दिलेले नाही, आणि ज्या दिवशी मुलांना हे दिसते त्या दिवशी वर्गात काही क्षण कोणी बोलत नाही. गाडीतून उतरणाऱ्या वडिलांना कवी लांब वाक्यातून गळून पडलेल्या शब्दाची उपमा देतो. एखाद्या वाक्यातून शब्द गळला तरी वाक्य पुढे चालूच राहते, तशी गाडीही चालू लागते. ही उपमा समजली की वडिलांचे एकटेपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रसग्रहणाचा प्रश्न चार गुणांचा असतो आणि त्यात कविता व शीर्षक, आशय, भाषेची वैशिष्ट्ये व अलंकार, संदेश आणि स्वतःचे मत अशा मुद्द्यांना धरून लिहायचे असते. बहुतेक उत्तरांत 'कवीने अनेक अलंकार वापरून कविता सुंदर केली आहे' अशा अर्थाचे वाक्य असते. हे वाक्य कोणत्याही कवितेवर बसते, म्हणून ते कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'द पोएट कंपेअर्स द फादर टू अ वर्ड ड्रॉप्ड फ्रॉम अ लाँग सेंटेन्स, सो वी फील दॅट द सिटी गोज ऑन विदाउट हिम.' अलंकार, तो कोणत्या ओळीत आहे आणि त्याने वाचकावर काय केले, या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या की उत्तर तुमचे होते. 'शोज', 'सजेस्ट्स', 'कंपेअर्स', 'रिपीट्स', 'कॉन्ट्रास्ट्स' ही पाच क्रियापदे हाताशी असली तर असे वाक्य कोणालाही बांधता येते. साहित्यकृतीविषयी लिहिताना इंग्रजीत वर्तमानकाळ वापरण्याचा प्रघात आहे, कथा भूतकाळात असली तरी, हेही ध्यानात असावे.

सहावी पायरी: कादंबरीचा विभाग

येथे तीन कादंबऱ्यांचे उतारे असतात, संपूर्ण पुस्तके नव्हेत, आणि प्रश्न पात्र, कथानक, स्थळकाळ, आशय आणि भाषा यांवर फिरतात. प्रत्येक उताऱ्यासाठी एकच पान करावे आणि प्रत्येक पात्राच्या नावापुढे विशेषण नव्हे तर त्याने केलेली कृती लिहावी, म्हणजे 'हुशार' असे न लिहिता ती हुशारी कोणत्या प्रसंगात दिसली ते लिहावे. निवेदक कोण आहे हेही पाहावे. शेरलॉक होम्सची कथा त्याचा मित्र वॉटसन सांगतो, कारण होम्सने स्वतः सांगितली असती तर वाचकाला पहिल्या पानावरच सारे कळले असते. दिवाळीच्या सुट्टीत या तीन कादंबऱ्यांपैकी एकीचा मराठी अनुवाद मिळाला तर अवश्य वाचावा. संपूर्ण कथा डोक्यात असली की उतारा आपोआप आपल्या जागी बसतो.

सातवी पायरी: रोज दहा ओळी

लेखनकौशल्यांच्या १६ गुणांसाठी संक्षिप्त निरोप, हेतुपत्र ('स्टेटमेंट ऑफ पर्पज'), गटचर्चा, ईमेल, वृत्तान्त, मुलाखतीचे प्रश्न, भाषण, कल्पनाविस्तार, परीक्षण, आवाहन असे अनेक प्रकार असतात. प्रत्येकाचा साचा एका बैठकीत शिकता येतो. साच्यात घालायची वाक्ये मात्र रोज लिहिल्याखेरीज येत नाहीत. म्हणून दररोज रात्री दहा ओळी इंग्रजीत लिहाव्यात: आज वर्गात काय झाले, एस.टी. का चुकली, वाचलेल्या पाठातील कोणते माणूस आवडले. मनात आधी मराठी वाक्य तयार करून मग त्याचे भाषांतर करू नये. कर्ता लिहावा, लगेच क्रियापद लिहावे, मग उरलेले जोडावे. वाक्य छोटे झाले तरी चालेल. एका मुलीने दोन महिने नुसती चार-पाच शब्दांची वाक्ये लिहिली होती आणि तिला त्याची लाज वाटत असे. तिसऱ्या महिन्यात 'व्हेन', 'बिकॉज' आणि 'हू' यांनी तीच वाक्ये जोडली जाऊ लागली आणि तिच्या उत्तरांना आपोआप लांबी आली.

आठवड्यातून एकदा या ओळी शिक्षकांना दाखवाव्यात. दाखवण्याची सोय नसेल तर वर्गमित्राशी वही बदलावी. दुरुस्त झालेले वाक्य केवळ वाचून सोडू नये, ते चुकांच्या वहीत चूक व बरोबर अशा दोन ओळींत उतरवावे. महिनाअखेर ही वही पाहिली तर बहुधा असे दिसते की आपण पन्नास नव्हे, तर पाच-सहाच चुका पुन्हा पुन्हा करतो.

सारांशलेखनात मूळ उताऱ्याच्या सुमारे एकतृतीयांश लांबी ठेवावी, उदाहरणे वगळावीत आणि उताऱ्यातील वाक्ये जशीच्या तशी उचलू नयेत. उतारा झाकून लिहिला तर हे आपोआप साधते.

आठवी पायरी: कान आणि तोंड

२० गुणांच्या तोंडी परीक्षेसाठी शेवटच्या आठवड्यात काही पाठ करण्यापेक्षा वर्षभर रोज दहा मिनिटे पाठ मोठ्याने वाचावा. आघाताकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मराठीत शब्दातील आघात बदलला तरी अर्थाला सहसा धक्का लागत नाही, इंग्रजीत लागतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर पडतो. कोशात प्रत्येक शब्दापुढे आघाताची छोटी उभी खूण असते, ती पाहण्याची सवय करावी. 'वाइन' म्हणताना ओठ गोल होतात आणि 'व्हाइन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, हा भेद आरशासमोर एकदा करून पाहिला की पुरेसे आहे. परीक्षेत उच्चार ब्रिटिश असण्याची गरज नसते, स्पष्ट असण्याची असते. बोलताना वाक्य अडले तर मराठीकडे न वळता तीच गोष्ट अधिक सोप्या इंग्रजी शब्दांत सांगावी.

आठवड्याची मांडणी आणि परीक्षेचा दिवस

रोज पाऊण तास पुरतो, परंतु तो रोज हवा. सोमवार ते बुधवार एका पाठाची तीन वाचने, गुरुवारी त्याच पाठातील वाक्यांवर व्याकरण, शुक्रवारी कविता, शनिवारी लेखनाचा एक प्रकार आणि रविवारी चुकांच्या वहीसह उजळणी, अशी मांडणी बहुतेकांना झेपते. दहा ओळी आणि मोठ्याने वाचन मात्र सातही दिवस करावे. गाइड उघडायचेच असेल तर स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावर, आपला कोणता मुद्दा राहिला ते पाहण्यापुरते उघडावे. डिसेंबरनंतर दर पंधरवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून तीन तासांत सोडवावी.

परीक्षेत उताऱ्याआधी त्याखालचे प्रश्न वाचावेत, मग उतारा वाचावा. सुरुवात आपल्याला सर्वांत चांगला येणाऱ्या विभागाने केली तरी चालते, पण उत्तरांचे क्रमांक अचूक घालावेत आणि एका विभागाची उत्तरे एकत्र ठेवावीत. लेखनाच्या चार उत्तरांसाठी मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटे राखून ठेवावीत, कारण घाईत लिहिले की मराठी शब्दक्रम परत डोकावू लागतो. शेवटची दहा मिनिटे नवे काही न लिहिता पेपर तीनदा वरवर चाळावा: एकदा केवळ क्रियापदाच्या शेवटच्या 'स'साठी, एकदा अनावश्यक 'हॅड'साठी आणि एकदा गाळलेल्या 'अ' व 'द'साठी. तिन्ही गोष्टी एकाच फेरीत पाहू गेल्यास एकही नीट दिसत नाही.